सर्व्हेला आलात की सारंगालाही विचारा : नौवहन महासंचालकांना खुले पत्र

मा. नौवहन महासंचालक,
नौवहन महासंचालनालय, मुंबई
आणि जहाजांवर सर्व्हेला जाणारे सर्व अधिकारी,

स.न.वि.वि.

मी एकतीस वर्षं डेकवर काढली. खलाशी म्हणून चढलो, सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणून उतरलो. कागदावर बोसन लिहितात, पण आमच्या वेळची मंडळी सारंगच म्हणायची. पंचवीस वर्षं परदेशी जाणाऱ्या जहाजांवर गेली, शेवटची सहा किनाऱ्या-किनाऱ्याने चालणाऱ्या एका मालवाहू बोटीवर. आता अलिबाग तालुक्यात घरी असतो. २०२५ मध्ये संसदेनं १९५८ चा मर्चंट शिपिंग अ‍ॅक्ट बाजूला सारून नवा कायदा मंजूर केला, तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. कायदा म्हणजे चौकट. जहाज कोणी तपासायचं, कधी, किती बारकाईनं, दाखला कशावर द्यायचा आणि कशावर अडवायचा, हे नियमांत ठरतं. ते नियम आपल्या कार्यालयात लिहिले जातात, म्हणून आपल्याला लिहितो.

आधी माझ्याच हातून घडलेलं सांगतो. त्या किनाऱ्यावरच्या बोटीवर फोक्सलखाली, म्हणजे नाकाकडच्या उंच डेकखाली, माझं स्टोअर होतं. दोर, शॅकल, वायरी, रंगाचे डबे. स्टोअरला हवा मिळावी म्हणून वर डेकवर दोन व्हेंटिलेटर. एप्रिल महिना, सर्व्हे आठ दिवसांवर. डेक रंगवायचा म्हणून मी आणि एक पोरगा गंज ठोकत होतो. डावीकडच्या व्हेंटिलेटरच्या बुडाशी, कठड्याच्या बाजूला जिथे ब्रश नीट पोचत नाही, तिथे हातोडी मारली. चांगल्या पत्र्यावर हातोडी पडली की टण्ण वाजते आणि हाताला उसळून परत येते. इथे थप्प असा आवाज आला आणि टोक आत गेलं. ओढून काढलं तर तळहाताएवढं भोक, कडा कागदासारख्या. बोट लावलं की पापुद्रे निघत होते.

चीफ ऑफिसरला दाखवलं. त्यांनी मालकाच्या ऑफिसला फोन केला. उत्तर आलं, ड्रायडॉक (बोट पाण्याबाहेर घेऊन करायची दुरुस्ती) पुढच्या वर्षी आहे, तोवर भागवा. मग आम्ही भागवलं. कॅनव्हासचा तुकडा, त्यावर इपॉक्सी, सुकल्यावर पॉलिश पेपर, वर प्रायमर, वर हिरवा रंग. तो पॅच मी माझ्या हातानं मारला, आणि इतक्या सफाईनं मारला की दुसऱ्या दिवशी तो कुठे आहे हे मलाच शोधावं लागलं.

सर्व्हेच्या दिवशी साहेब सकाळी दहाला आले. माणूस चांगला, कामात वाकबगार. त्या दिवशी त्यांना आणखी दोन जहाजं करायची होती. कॅप्टनच्या केबिनमध्ये कागद तपासले, इमर्जन्सी फायर पंप चालवून घेतला, लाइफबोट कठड्यापर्यंत उतरवून परत वर घेतली, हॅचच्या, म्हणजे मालखान्याच्या तोंडावरच्या झाकणांची रबरं पाहिली. फोक्सलवर आले, चौफेर नजर टाकली आणि डेक छान ठेवलाय म्हणाले. मी त्यांच्यापासून चार हातांवर उभा होतो. त्यांनी मला काही विचारलं नाही आणि मी काही बोललो नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गुजरातच्या बाजूनं खाली येताना समुद्र पुढून चढला. मध्यरात्रीनंतर बोट जड वाटू लागली, नाक उचलेना. कॅप्टननी बोट फिरवून लाटा पाठीवर घेतल्या तेव्हा कुठे आम्हाला पुढे जाता आलं. स्टोअरचं झाकण उघडलं तर आत कमरेएवढं पाणी. दोर तरंगत होते, रंगाचे डबे एकमेकांवर आदळत होते. पंप लावला तर सुतळीच्या गुंत्यानं त्याचं तोंड बंद झालं. पहाटेपर्यंत आम्ही सात जणांनी बादल्यांनी पाणी काढलं. कोणी गेलं नाही. पॅचचा मागमूस नव्हता, नुसतं भोक होतं, आणि दोन महिन्यांत ते दुप्पट झालं होतं.

या घटनेत मी सर्व्हेअरला दोष देत नाही. माझा दोष मी नाकारत नाही. पण ते भोक बोटीवर सगळ्यांना ठाऊक होतं, भंडाऱ्यापासून, म्हणजे स्वयंपाक्यापासून, कॅप्टनपर्यंत. ठाऊक नव्हतं फक्त त्या माणसाला, ज्याच्या सहीवर बोट समुद्रात जाणार होती.

‘डर्बीशायर’ या ब्रिटिश जहाजाबद्दल मी पुढे वाचलं. आपल्यापैकी बहुतेकांना ते माहीत असेल, पण हे पत्र खलाशांची पोरंही वाचतील म्हणून सांगतो. जवळजवळ तीनशे मीटर लांबीचं जहाज, कॅनडाहून लोहखनिज घेऊन जपानला निघालेलं. ९ सप्टेंबर १९८० ला ओकिनावाच्या बाजूला वादळात सापडलं आणि मदतीची एक हाकही न देता बुडालं. ४४ माणसं गेली. १९९४ मध्ये तळाशी सांगाडा सापडला. १९९८ च्या अहवालात म्हटलं गेलं की पुढच्या बोसन स्टोअरचं झाकण नीट बंद केलेलं नव्हतं. म्हणजे गेलेल्या माणसांवरच ठपका आला. त्यांच्या नातेवाइकांनी हार मानली नाही. २००० साली पुन्हा झालेल्या चौकशीनं तो ठपका पुसला. झाकण उघडं राहिलेलं नव्हतं. पुढच्या डेकवरचे व्हेंटिलेटर आणि हवेचे पाइप लाटांनी मोडले, तिथून पाणी शिरत गेलं, नाक खाली बसलं, मग लाटा पहिल्या हॅचवर कोसळू लागल्या आणि ते झाकण तुटलं. त्यानंतर पुढच्या डेकवरच्या या बारक्यासारक्या वस्तूंच्या मजबुतीचे नियम जगभर कडक झाले.

मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. त्यांचं बोसन स्टोअर आणि माझं बोसन स्टोअर, त्यांचे व्हेंटिलेटर आणि माझा व्हेंटिलेटर. आमची बोट त्यांच्यापुढे पोर होती, एवढाच फरक.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. डर्बीशायर बुडालं तेव्हा अवघं चार वर्षांचं होतं. आमच्या किनाऱ्यावर आजही जिचं नाव हलक्या आवाजात घेतात ती ‘रामदास’ १९३६ सालची बांधणी. १७ जुलै १९४७ ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून जास्त माणसं गेली. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. आपण २०२३ मध्ये जहाजांच्या वयाबद्दल आदेश काढलात. मोडकळीला आलेली जहाजं स्वस्तात आणून आपल्या झेंड्याखाली चालवणाऱ्यांना त्यानं आळा बसतो, हे मला पटतं. पण वय मोजणं सोपं आहे. नव्या बोटीचा पत्राही खाऱ्या पाण्यात चार वर्षांत सडतो, रंगाचा एक हात चुकला तरी. आणि नीट राखलेली तीस वर्षांची बोट मी वादळातून सुखरूप आलेली पाहिली आहे. वयाच्या आकड्यावर विसंबून हातोडी मारायचं थांबू नये.

आता सर्व्हेच्या पद्धतीबद्दल. मालवाहू जहाजाचे सुरक्षेचे मुख्य दाखले पाच वर्षांचे असतात. दरवर्षी वार्षिक सर्व्हे, तोही ठरल्या तारखेच्या तीन महिने आधी किंवा नंतर. पाच वर्षांत दोनदा तळ पाहायचा. म्हणजे मालकाला तारीख माहीत असते, किंबहुना तारीख तोच मागून घेतो. फी तोच भरतो. क्लास सोसायटी, म्हणजे जहाजाची बांधणी तपासून दाखला देणारी संस्था, तीही तोच निवडतो, आणि बरीचशी तपासणी आपण क्लासवर सोपवलेली आहे. क्लासमध्ये उत्तम माणसं आहेत. पवईच्या इंडियन रजिस्टर या आपल्याच क्लासचे सर्व्हेअर मी टाकीत उतरून छातीपर्यंत चिखलात बसलेले पाहिले आहेत. पण पाहुणे येणार म्हटलं की घर कसंही असलं तरी बैठकीची खोली झाडली जाते. बोटीचंही तेच होतं. एका बंदरात शेजारी लागलेल्या बोटीवरून सर्व्हेपुरते फायर होज मागून आणलेले आणि संध्याकाळी परत दिलेले मी पाहिले आहेत. लाइफराफ्टची, म्हणजे फुगणाऱ्या तराफ्याची, वर्षाची सर्व्हिसिंग चुकलेली, आणि बोट बुडाली की तराफा आपोआप सोडणाऱ्या हायड्रोस्टॅटिक रिलीजची दोन वर्षांची मुदत उलटलेली असताना तो सर्व्हेच्या आदल्या रात्री नवीन बसवलेला, हेही. सर्व्हेच्या दिवशी बोट नियमात असते. उरलेल्या दिवसांचं काय, ते बोटीवरच्यांनाच माहीत.

लाइफबोटीचं बघा. नियम असा की दर तीन महिन्यांनी बोट माणसांसह पाण्यात उतरवून चालवायची. दर पाच वर्षांनी वायर बदलायची आणि डेव्हिटची, म्हणजे बोट उतरवणाऱ्या हातांची, वजन लावून परीक्षा घ्यायची. कागदावर हे सगळं होतं. परदेशी बंदरात एकदा एक तपासनीस बाई आल्या होत्या. त्यांनी रजिस्टर उघडलंच नाही. अलार्म वाजवायला लावला आणि घड्याळ पाहत उभ्या राहिल्या. मग मेसमधल्या पोऱ्याला बोलावून विचारलं, तुझी बोट कुठली, आणि बोट वायरीला अडकवणारा हा हूक कसा सोडायचा ते मला दाखव. पोरगा अडखळला. त्यांनी आरडाओरडा केला नाही, बोट उतरवायला लावली, पुन्हा चढवायला लावली, पुन्हा उतरवायला लावली. तीन तास गेले, एजंट चरफडत होता. पण पुढच्या आठ महिन्यांत त्या जहाजावर एकाही माणसाला हूक कसा सोडायचा हे विचारावं लागलं नाही. ड्रिलमध्येच हूक सुटून माणसं गेल्याच्या घटना जगभर इतक्या झाल्या की जुने हूक बदलायचा नियम करावा लागला. असा हूक कागद वाचून तपासता येत नाही.

कोविडच्या काळात मोबाइलच्या कॅमेऱ्यावरून सर्व्हे सुरू झाले. तेव्हा दुसरा इलाज नव्हता. पण ती सवय किनाऱ्यावरच्या बोटींसाठी कायमची लावू नका, अशी विनंती आहे. कॅमेरा तिकडेच बघतो जिकडे धरणारा वळवतो. माझा हिरवा पॅच कॅमेऱ्यात फार सुंदर दिसला असता.

माझं मुख्य मागणं आता सांगतो, आणि ते माझ्या मनचं नाही. भारतानं २०१५ मध्ये खलाशांच्या हक्कांचा जागतिक करार, ज्याला आम्ही एमएलसी म्हणतो, तो मान्य केला. ५०० टनांवरच्या, परदेशी जाणाऱ्या जहाजांवर त्याचा दाखला सगळ्यांना दिसेल असा लावावा लागतो. आमच्याकडे तो मेसच्या बाहेर काचेत असायचा. त्याच करारात दोन गोष्टी आहेत. एक, तपासनीस पाहणी करून गेला की त्याच्या अहवालाची एक प्रत जहाजाच्या नोटीस बोर्डावर खलाशांसाठी लावायची. दोन, खलाशानं तक्रार केली असेल तर ती कोणी केली हे तपासनीसानं कोणालाही कळू द्यायचं नाही. पगार, जेवण, विश्रांतीचे तास, केबिन यांच्या बाबतीत हे मान्य झालेलं आहे. मग पत्र्याच्या बाबतीत का नको? माझा पगार थकला तर मी नाव न कळता सांगू शकतो, आणि ज्या डेकवर मी झोपतो तो डेक सडला आहे हे सांगायला मात्र चीफ ऑफिसरच्या तोंडाकडे बघायचं?

तेव्हा नव्या नियमांत सुरक्षेच्या प्रत्येक सर्व्हेसाठी एवढं लिहा. सर्व्हेअरनं डेकवरच्या एका आणि इंजिनरूममधल्या एका माणसाशी, अधिकाऱ्यांशिवाय, एकट्यानं बोलावं. दहा मिनिटं पुरेत. विचारावं, तुला कुठे भीती वाटते? खलाशी खोटं बोलेल, कुरापत काढेल, अशी शंका कोणी घेईल. घ्यावी. पण सर्व्हेअरच्या हातात हातोडी आहे, जागा दाखवली की एका मिनिटात खरं-खोटं होतं. आणि सर्व्हेत जे दोष निघाले, ते कधीपर्यंत दुरुस्त करायचे, याचा कागद मेसमध्ये लावावा. नुसता इंग्रजीत नको, हिंदीतही. आमच्या बोटीवर रत्नागिरीचे होते, तामिळनाडूचे होते, बंगालचे होते. कामाची भाषा सगळ्यांची एकच, मोडकी हिंदी. मुदत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असली की ती उलटताना मालकालाही जड जातं.

याच्या जोडीला न सांगता तपासणी हवी. परकी जहाजं आपल्या बंदरात आली की आपण ती अचानक चढून तपासता, दोष मोठा असला तर अडकवून ठेवता. हिंद महासागरातल्या देशांनी १९९८ मध्ये त्यासाठी करार केला आणि त्याचं सचिवालय आपल्या गोव्यात आहे. कुठलं जहाज कुठल्या बंदरात का अडवलं गेलं, हे जगात कोणालाही संगणकावर पाहता येतं. परक्या झेंड्याला जो धाक आहे तो आपल्या झेंड्याखालच्या टग, बार्ज आणि किनारी बोटींना का नसावा? त्यांची अडवणूकही तशीच चारचौघांत दिसावी. नोकरी धरण्यापूर्वी पोराला ती बोट कशी आहे ते बघता येईल.

बार्जबद्दल थोडं अधिक लिहायला हवं. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा बार्ज बुडाला. त्याला स्वतःचं इंजिन नव्हतं. वर २६१ माणसं होती, त्यांत वेल्डर, फिटर, रंगारी असे पुष्कळ. सत्तरहून जास्त गेली. शेजारचा वरप्रदा टगही गेला. तराफ्यांना भोकं होती, असं वाचलेल्यांनी तेव्हा सांगितलं. नौदलाच्या माणसांनी त्या समुद्रात जे केलं त्याला तोड नाही, पण त्यांना बोलवायची वेळ यायला नको होती. जुन्या कायद्यात नोंदणीची सक्ती यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या जहाजांना होती. नव्या कायद्यात इंजिन असो-नसो, वजन कितीही असो, प्रत्येकाची नोंदणी होणार आहे. हे फार चांगलं केलंत. आता नोंदणी झाली म्हणजे तपासणी झाली असं होऊ देऊ नका. ज्या बार्जवर दोन-अडीचशे माणसं झोपतात, तो प्रवासी जहाजाइतकाच कसून तपासला पाहिजे. त्यावरच्या वेल्डरनं लाइफराफ्टची दोरी आयुष्यात एकदा तरी हातात धरलेली असली पाहिजे.

गेटवे-घारापुरीच्या लाँच तुमच्या हद्दीतल्या नाहीत, राज्याकडे आहेत, हे मी जाणतो. तरी १८ डिसेंबर २०२४ ला बुडालेली नीलकमल लाँच डोळ्यांसमोरून जात नाही. नौदलाची बोट येऊन धडकली, त्यात लाँचच्या दाखल्याचा दोष नव्हता. पण त्या दाखल्यावर ८४ प्रवासी आणि ६ कर्मचारी लिहिलेले होते आणि वर शंभरावर माणसं होती. लाइफजॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हती. ८४ हा आकडा तिकीट काढणाऱ्या बाईला दिसला असता, लाँचच्या तोंडाशी हातभर अक्षरांत रंगवलेला असता, तर तिनं पोराचा हात धरून पुढच्या लाँचची वाट पाहिली असती. जहाज कुठवर भरायचं ते दाखवणारी प्लिमसोलची रेषा जहाजाच्या कुशीवर बाहेरून रंगवतात ती याचसाठी. धक्क्यावर उभ्या असलेल्या हमालालाही दिसावं की बोट जास्त भरली आहे.

शेवटी एक लहान गोष्ट. नियमांचे मसुदे निघतात, हरकती-सूचना मागवल्या जातात. ते सगळं इंग्रजीत, कायद्याच्या भाषेत असतं. मालकांच्या संघटना उत्तरं देतात, क्लास देतात, वकील देतात. सर्व्हेच्या नियमांचा मसुदा निघेल तेव्हा त्याचा चार पानी गोषवारा हिंदीत आणि मराठीत काढा, आणि तो खलाशांच्या युनियनकडे, ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये आणि मुंबई, रत्नागिरी, वेंगुर्ल्याच्या बंदर कार्यालयांत लावा. उत्तरं येतील. शुद्धलेखन चुकलेलं असेल, पण गंज कुठे धरतो ते बरोबर लिहिलेलं असेल.

माझा पुतण्या गेल्या महिन्यात एका टगवर चढला. पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला. काका, राफ्टच्या पेटीवरची तारीख कधीच उलटून गेली आहे, कोणाला सांगू? तक्रारीसाठी वेबसाइट आहे हे त्याला ठाऊक होतं, पण त्यात नाव घालावं लागेल आणि नाव कळलं तर पुढचं काँट्रॅक्ट मिळणार नाही, अशी त्याला भीती होती. मी त्याला म्हटलं, चीफ ऑफिसरला सांग. तो म्हणाला, सांगितलं, ते म्हणाले ड्रायडॉकला बघू. त्यापुढे त्याला काय सांगावं ते मला सुचलं नाही. त्याला जे सांगता येईल असं काहीतरी आपल्या नियमांत लिहा.

कळावे, आपला नम्र,

एक निवृत्त सारंग
ता. अलिबाग, जि. रायगड